फार तर दोन एक्स-रे

॥ श्री ॥

विजयनगर, म्हैसूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सुप्रीता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू बंगळूरला सुखरूप पोचल्याचं मला आईकडून कळलं. आईला प्रणेशनं सांगितलं, आणि प्रणेशला तू स्टेशनवरून फोन केलास. म्हणजे तुझी खुशाली दोन माणसं फिरून माझ्या दारी आली. पूर्वी या घराण्यात थोरल्या बहिणीला आधी कळवायची रीत होती. असो.

परवा आमच्या डॉक्टरांच्या मेळाव्यात तू छान बोललीस. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं आहे. तुझी नजर दोनदा माझ्यावरून गेली आणि पुढच्या खुर्चीवर थांबली. चहाच्या वेळी आमचे हाडांचे डॉक्टर मंजुनाथ धावत आले आणि म्हणाले, की ही तुमची तंगी म्हणे, धाकटी बहीण, इतकी वर्षं आम्हाला सांगितलं का नाहीत? मी काय तुला ट्रंकेत घालून ठेवलं होतं? चोवीस वर्षं या गावात मी डॉक्टर वेदवती आहे. त्या संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत चौघांनी मला सुप्रीता मॅडमची अक्का म्हटलं. खोटं कशाला बोलू, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि ते प्रश्नपत्रिकेचं काय काढलंस? साठ डॉक्टरांना नाव न घालता एकेक कागद भरायला लावलास, चौथीच्या पोरांसारखा. कुठल्या तपासणीत किरण असतात, कुठल्या तपासणीत नसतात, पोटाच्या एका सीटीत छातीच्या एक्स-रेचे किती डोस बसतात. मग तासाभरानं पडद्यावर निकाल लावलास, की साठांतले सहा पास. अकरा जणांना एमआरआयमध्ये एक्स-रे असतात असं वाटतं. आणि एका महाभागानं सीटी म्हणजे फार तर दोन एक्स-रे असं लिहिलं आहे, खरं उत्तर शंभराच्या वर, काही वेळा चारशेपर्यंत. सगळं सभागृह हसलं. मीही हसले, अगदी मोठ्यानं. पण मला सांग, ज्याच्या दाराबाहेर चाळीस पेशंट खोकत बसलेत, त्यानं तुझे डोसाचे मिलिसिव्हर्ट पाठ करायचे की नाडी बघायची? तुम्ही लोक मशीनचे किरण मोजता, आम्ही माणसं बघतो.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काल आईनं सहज सांगितलं, की चैत्राचं पोट पुन्हा दुखतंय, आणि प्रणेशनं तुला विचारलं, पुन्हा सीटी काढू का म्हणून, आणि तू नको म्हणालीस. आपल्या सख्ख्या भावाचं, प्रणेशचं घर सरस्वतीपुरमला, माझं विजयनगरला. मध्ये स्कूटरची दहा मिनिटं. त्याच्या लेकीच्या जन्मापासून तिच्या प्रत्येक शिंकेला मी औषध दिलं आहे. आणि सल्ला तुझा? तू जन्मात कुणाच्या पोटाला बोट लावलेलं नाहीस. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

प्रकृतीला जप. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. असलाच तर असो.

तुझी
वेदवती

॥ श्री ॥

बंगळूर
१७ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला हात लावला तेव्हाच चटका बसला, म्हणून आधी कॉफी केली आणि मग उघडलं. भांडण पत्रात करायचं, फोनवर नाही, हा अण्णांचा नियम आपण अजून पाळतो हे एक बरं. म्हैसूरच्या शाळेत मराठी नाही, तेव्हा पोरी मराठी विसरतील म्हणून त्यांनी आपल्याला दर रविवारी एकमेकींना पत्र लिहायला बसवलं. एकाच टेबलावर समोरासमोर बसून आपण एकमेकींना पोस्टानं शिव्या घातल्या आहेत. त्यांना वाटलं असेल, भाषा टिकली.

तिसऱ्या रांगेकडे मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर माझी वाचा गेली असती. अक्का, तुला माहीत नाही, मी आजही तुझ्यासमोर तोंडी परीक्षा देत असते. मेडिकलची जागा माझी थोडक्यात हुकली तेव्हा सगळे नातेवाईक पापा, पापा, बिचारी पोर म्हणत घरी येऊन गेले, जसं घरात कुणी गेलंय. तू डॉक्टर होणार म्हणून अण्णांनी तुला त्यांचं पेन दिलं. मला म्हणाले, की फिजिक्सही चांगलं असतं. ते 'ही' मी तीस वर्षं ऐकते आहे. तुला चौघांनी माझी अक्का म्हटलं त्याचं तुला दुःख झालं. मला जन्मभर सगळं गाव वेदवती डॉक्टरांची बहीण म्हणत आलंय, मी कधी पत्र लिहिलं नाही.

आता एक गोष्ट, जी सांगू की नको यात चार दिवस गेले. तू भेटलीस तर तोंडावर लपवता येणार नाही, म्हणून लिहून टाकते. त्या कागदांवर नावं नव्हती. तासाभराच्या वेळात माझ्या विद्यार्थिनीनं आकडे मोजले आणि मी ते वाचून दाखवले. कागद मी इथे परत आल्यावर पाहिले. त्यातल्या एका कागदाच्या माथ्यावर, मधोमध, दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा देऊन श्री लिहिलेलं होतं. कोऱ्या कागदावर श्रीशिवाय पहिलं अक्षर उमटवायचं नाही, ही सवय त्या साठ डॉक्टरांत एकीलाच असणार. खाली लिहिलं होतं, फार तर दोन. अक्का, ते तुझं आहे हे मला ठाऊक असतं तर मी ते वाक्य मेले तरी उच्चारलं नसतं. तू हसलीस ते मला मंचावरून दिसलं होतं. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. तो कागद मी गठ्ठ्यातून वेगळा काढून ठेवला आहे. कुणी पाहिलेला नाही.

चैत्राबद्दल. मी नको म्हणाले नाही. मी एवढंच विचारलं, की आधीच्या किती झाल्या? प्रणेशला आठवेना. भव्यावहिनीनं कपाटातून पिशवी आणली. अकरा महिन्यांत पोटाच्या तीन सीटी. पहिली गेल्या वर्षी जानेवारीत, तुझ्या चिठ्ठीवर. दुसरी ऑगस्टमध्ये, शाळेची सहल बैलकुप्प्याला गेली आणि तिथं मठ बघताना पोट दुखायला लागलं तेव्हा वाटेतल्या एका दवाखान्यात. तिसरी नोव्हेंबरमध्ये, पुन्हा तुझ्या चिठ्ठीवर, वेगळ्या सेंटरला. सीडीत शेवटच्या पानावर किती डोस दिला तो आकडा असतो. तिथवर कुणी जात नाही. मी गेले. दुसऱ्या सीटीत मशीनचं सेटिंग मोठ्या माणसाचं होतं. अकरा वर्षांची पोर, पंचवीस किलोची, तिला प्रणेशच्या मापाचे किरण दिले.

मी प्रणेशला म्हणाले, अक्काला विचार. तो म्हणाला, की अक्काला विचारलं की ती रागावते, तुला विचारलं की तू समजावून सांगतेस. हे तुला आवडणार नाही, पण तो असं म्हणाला.

रागावलीस तरी पत्र लिही. तुझ्या रागाचीही मला सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझी
सुप्रीता

॥ श्री ॥

विजयनगर, म्हैसूर
२२ फेब्रुवारी २०२४

चि. सुप्रीता हिस आशीर्वाद. वि. वि.

तो कागद मला परत पाठव. फाडून टाकलास असं लिहू नकोस, माझा विश्वास बसणार नाही. माझी चूक तू तुझ्या पर्समध्ये जपून ठेवलीस आणि वर मला लाज वाटते असंही लिहिलंस. लाज वाटत होती तर गप्प बसायचं होतं. तुला मला सांगायचंच होतं. लहानपणी माझ्या पाटीवरचं चुकलेलं गणित तू अशीच पुसू द्यायची नाहीस, अण्णा येईपर्यंत हात धरून ठेवायचीस.

होय, मी फार तर दोन लिहिलं. कारण मला तेच शिकवलं. आमच्या वेळी किरणांवर एकच तास झाला, तोही जेवणानंतर, आणि अर्धा वर्ग पेंगत होता. रेडिओलॉजीची पंधरा दिवसांची ड्युटी म्हणजे फिल्मा धुवायच्या आणि सही घ्यायची. त्यानंतर चोवीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही, ना पेशंटनं, ना सेंटरनं. कधी कुठे चुकले ते कळायला सख्ख्या बहिणीनं पडद्यावर लावावं लागलं.

मी सीटी का लिहिते तेही ऐक. तीन वर्षांपूर्वी सरगूरहून एक बाई आली होती, शेतातनं थेट, पायाला चिखल. पोटात दुखतंय म्हणाली. मी हात लावून पाहिलं, सोनोग्राफी केली, काही दिसलं नाही. घरी पाठवली. चौथ्या दिवशी अपेंडिक्स फुटून आली. तीन आठवडे ती आयसीयूत होती आणि रोज संध्याकाळी मी तिच्या नवऱ्याच्या समोरून मान खाली घालून जात होते. ती वाचली. माझा हातांवरचा भरवसा गेला. तेव्हापासून दुखऱ्या पोटाला मी सीटी लिहिते. तुझ्या आकड्यांत ती बाई कुठे बसते ते मला कळव.

प्रणेशनं तुला असं सांगितलं, की मी रागावते. काल मी त्याच्याकडे गेले. आई, भव्या, चैत्रा सगळ्यांसमोर मी चिठ्ठी लिहून दिली आहे. शुक्रवारी, एक मार्चला, चैत्राची सीटी होईल, नव्या सेंटरला, चांगल्या मशीनवर. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. भव्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, की सुप्रीताला एकदा विचारायचं का? ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, डॉक्टर कोण आहे या घरात?

पिकतं तिथं विकत नाही हे खरंच. जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं. पुढचा लोभ तुझ्यावर सोपवते.

वेदवती

॥ श्री ॥

बंगळूर
२६ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. मी मुद्दाम सांगितलं हेही खरं. काही अंशी. मला वाटलं होतं, एकदा तरी तुझं उत्तर चुकलेलं मला माहीत असावं. ते माहीत झालं आणि त्यात काही गोड नव्हतं.

सरगूरच्या बाईचं तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. तिच्यासाठी सीटी हवीच होती. तिच्या जागी चारशे एक्स-रे काय, हजार असते तरी मीच मशीनचं बटण दाबा म्हटलं असतं. प्रश्न एवढाच आहे, की चैत्रा ती बाई आहे का. हे मला कळणार नाही. तुला कळेल.

शुक्रवारी माझ्यावरच्या रागानं तिला त्या मशीनमध्ये झोपवू नकोस. आधी हात लावून बघ. त्यानंतर तू म्हणालीस काढायची, तर काढ. मी एक अक्षर बोलणार नाही, आणि प्रणेशलाही सांगेन, की अक्का म्हणते तेच बरोबर.

उत्तराची घाई नाही. शुक्रवार तेवढा चुकवू नकोस.

तुझी
सुप्रीता

॥ श्री ॥

सरस्वतीपुरम, म्हैसूर
२ मार्च २०२४

चि. सुप्रीतास सीतालक्ष्मीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दोघी एकमेकींना चार चार पानं लिहिता आणि आईला म्हणजे मला दोन ओळी, गुडघा कसा आहे म्हणून. गुडघा तसाच आहे. मीही पत्र वाचू शकते, चष्मा नवा आहे. असो, तुमचं तुमच्याजवळ.

कालचं सांगते, कारण वेदा बोलत नाही आणि प्रणेश आफिसला गेला. सकाळी वेदा गाडी घेऊन आली. भव्या तयार झाली होती, तिला म्हणाली, तू नको, मी एकटी नेते. चैत्राला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, पोर सुम्मने, गुपचूप बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी. मला बघवेना. देवापुढे दिवा लावून बसले. दोन वाजता दोघी आल्या. हातात फिल्मची पिशवी नाही. चैत्राच्या तोंडाला दोशाचं लोणी लागलेलं. वेदाच्या साडीला मात्र गंज आणि लाकडाचा भुसा. मी विचारलं, की अय्यो, सीटी कुठे झाली की सुताराकडे? तर म्हणाली, आई, कॉफी दे. कॉफी पिऊन पिशवीतले जुने तीन रिपोर्ट मागून घेतले, खिडकीशी उभी राहून वाचले आणि एकदम खुर्चीत बसली. चेहरा अण्णा गेले त्या दिवशीसारखा. मग न सांगता निघून गेली. जेवलीही नाही.

चैत्राला विचारलं तर म्हणते, दोड्डत्तेनं, मोठ्या आत्यानं, कुणाला सांगू नको म्हटलंय. आत्याभाचीची गुपितं आता आजीला कळायची नाहीत, ठीक आहे. तुला काही लिहिलं तर मला कळव. सगळं नाही तर अर्धं.

तू लवकर ये. आशीर्वाद मागायची गरज नाही, ते तुझ्या नावावर कायमचे आहेत.

तुझी
आई

॥ श्री ॥

विजयनगर, म्हैसूर
४ मार्च २०२४

चि. सुप्रीता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचून मी आणखी चिडले, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सीटी रद्द करण्याचा माझा विचार नव्हता, हे आधी सांगते. मी गेले ती काढायलाच.

सेंटरवर त्यांनी फॉर्म दिला. नाव, वय, वजन, दुखणं, चिठ्ठी कुणाची. याआधी किती झाल्या, असा रकानाच नाही. मी मशीनवरच्या बाईंना विचारलं, की या वयाला तुम्ही सेटिंग किती ठेवता, डोस किती बसेल? त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, की मॅडम, नऊ वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या डॉक्टर आहात. माझी स्तुती केली असं त्यांना वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मागच्या दोन्ही वेळी मीही विचारलं नव्हतं.

आमचा नंबर यायला अर्धा तास होता. कपडे बदलायच्या खोलीत एक बाक होता. मी चैत्राला त्यावर आडवं केलं, दार लावलं आणि हात लावला. किती वर्षांनी मी घड्याळाकडे न बघता कुणाचं पोट तपासलं असेन, मलाच आठवत नाही. उजवीकडे काही नाही. डावीकडे खाली, बोटांना कडक गाठीसारखं लागलं, आणि दाबलं तर थोडं सरकलं. सुप्री, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मी तिला विचारलं, शेवटचं परसाकडं कधी झालं होतं? ती आधी लाजली. मग कन्नडमध्ये, भिंतीकडे तोंड करून, सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती पाचवीत गेली, शाळेतल्या तिकडच्या संडासांना आतून कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. हिची दार धरणारी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली. तेव्हापासून ही सकाळी आठ ते संध्याकाळी चार पाणी पीत नाही आणि जात नाही. घरी आल्यावर होत नाही. मग दुखतं. बैलकुप्प्याच्या सहलीलाही दिवसभर तेच.

मी तिला विचारलं, की हे तू कुणाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, की कुणी विचारलंच नाही, सगळे फोटोच काढत होते.

तिथून उठले, चिठ्ठी परत घेतली, तिला दोसा खायला घातला आणि शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की प्रस्ताव वर पाठवला आहे. मी म्हणाले, प्रस्तावानं पोरीचं पोट साफ होत नाही. वाटेत कड्या विकत घेतल्याच होत्या, सुतारही बरोबर आणला होता. चारही दारांना समोर उभं राहून कड्या बसवून घेतल्या, एक मी स्वतः पकडून धरली. औषध सुरू केलं आहे. रोज दोन वेळा प्रणेश फोन करून सांगतो, आता मला आणि फक्त मला. हे वाचून तुला थोडं झोंबलं तर मला बरंच वाटेल.

पण खरं पत्र पुढेच आहे. प्रणेशच्या घरी परत आल्यावर मी जुने रिपोर्ट वाचले. तिन्ही. निष्कर्षात लिहिलंय, अपेंडिक्स नॉर्मल. तेवढंच मी दोन्ही वेळा वाचलं होतं. वर, शेवटून दुसऱ्या ओळीत, तिन्ही रिपोर्टांत तेच वाक्य आहे, मोठ्या आतड्यात मळ साठलेला. पहिल्याच वेळी लिहिलेलं होतं. मी ती ओळ वाचली असती तर दुसरी झाली नसती, तिसरी झाली नसती. एका बोटाच्या आणि एका प्रश्नाच्या कामासाठी मी तिला दोनदा त्या मशीनमध्ये पाठवलं.

आता सांग. त्या तीन सीटींचं तिला पुढे काय होईल? मला सभेतलं उत्तर नको, आकडा नको. चैत्राचं काय होईल ते सांग. तू सांगशील ते मी ऐकेन.

वाट बघते. लोभाचं नंतर बघू.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

बंगळूर
९ मार्च २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आधी तुला बरं वाटावं म्हणून लिहिते, मला झोंबलं. चांगलंच झोंबलं. व्याख्यानाच्या वेळी दोन रात्री चैत्रा माझ्या कुशीत झोपली. तिनं मला शाळेतल्या सगळ्या बाईंच्या नकला करून दाखवल्या. मी तिच्या पिशवीतल्या तिन्ही सीड्या शेवटच्या पानापर्यंत पाहिल्या आणि तिला एकदाही विचारलं नाही, की बाळ, तुला होतं काय? रिपोर्टातली ती ओळ माझ्याही डोळ्यांखालून गेली होती. मी डोस शोधत होते. तुझ्या हाताचा मला लहानपणापासून हेवा आहे. ताप आला की आई कपाळाला हात लावायची, तरी मी तुझी वाट बघायची.

आता तुझा प्रश्न. आमच्या शास्त्रात हजारो मुलांची एकत्र पाहणी करतात. इतक्या मुलांना इतके किरण मिळाले तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यातल्या थोड्यांना, अगदी थोड्यांना, जास्तीचा कॅन्सर झालेला दिसतो. ती मुलं कोणती, हे कुणाला दाखवता येत नाही. रक्त तपासून कळत नाही. घेतलेले किरण काढून टाकता येत नाहीत. बहुतेक चैत्राला काहीच होणार नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, खरोखर बहुतेक काहीच नाही. पण तू आकडा नको म्हणालीस, चैत्राचं सांग म्हणालीस.

अक्का, मला माहीत नाही. तीन वेळा पत्र लिहून फाडलं आणि शेवटी हेच लिहिते आहे. मला माहीत नाही.

आपण दोघी मिळून तिच्यावर लक्ष ठेवू. एवढंच मागते, आणि तू माझ्यावर ठेवतेस तेवढा लोभ.

तुझी
सुप्रीता

॥ श्री ॥

विजयनगर, म्हैसूर
१४ मार्च २०२४

चि. सुप्रीता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चैत्रा बरी आहे. पोट दुखलेलं नाही, शाळेत पाण्याची बाटली रिकामी करून आणते, आणि आई त्याचं श्रेय देवाला देते. देऊ दे.

मंगळवारी मी प्रणेशकडे गेले आणि दोघांना बसवून सगळं सांगितलं. तीनपैकी दोन माझ्या चिठ्ठीवर झाल्या, रिपोर्ट मी नीट वाचला नाही, आणि सीटीचा डोस किती असतो हेही मला माहीत नव्हतं. प्रणेश म्हणाला, की अक्का, जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस? भव्या उठून आत गेली, चैत्राच्या डोक्याला तेल लावत बसली. मी निघताना ती दारापर्यंत आली आणि अगदी हळू म्हणाली, की यापुढे काही झालं तर मी आधी सुप्रीताला विचारीन, चालेल ना? चोवीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, विचार.

दवाखान्यात मी आता प्रत्येकाला विचारते, याआधी किती झाल्या? लोक हसतात. म्हणतात, की मॅडमना विसरायला होतंय वाटतं. हसू देत. सरगूरच्या बाईसारखी कुणी आली तर मी आजही सीटीच लिहीन. बाकीच्यांना आधी हात लावते.

आणि आता जे लिहायला बसले ते. लहानपणापासून मी तुझा हेवा केला. तू माझ्यामागून आलीस आणि जे मला कळत नव्हतं ते तुला कळायला लागलं. गणित तुला कळायचं, रेडिओ उघडला तर आत काय बिघडलंय ते कळायचं, अण्णा कशानं गप्प आहेत तेही माझ्याआधी तुला कळायचं. सभागृहात तेच झालं आणि मला ते सहन झालं नाही. म्हणूनच चैत्राचं काय होईल हे तुला विचारताना मी निश्चिंत होते. मनात म्हटलं, सुप्री मला चार शब्द लागतील असे बोलेल, पण सांगेल. तुझं पत्र मी दोन पेशंटच्या मध्ये उघडलं आणि पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

माझी खात्री होती ग, की तुला माहीत असणार. या एका गोष्टीत तरी तू माझ्यापेक्षा शहाणी निघायला हवी होतीस.

तुझ्या लोभाची मला गरज आहे, हे पहिल्यांदाच लिहून देते.

तुझी
अक्का